पप्पांची आठवण चर्चमध्ये करायची की माळावर? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही नगरचे, आता अहिल्यानगर लिहायचं पण तोंडात नगरच येतं. आमचे पप्पा गेले त्याला या नोव्हेंबरात वर्ष होईल. पप्पा पशुसंवर्धन खात्यात होते, सगळी नोकरी एम-एटी गाडीवर गावोगाव फिरण्यात गेली, शेळ्या-मेंढ्यांचं लसीकरण, लाळ-खुरकत, अडलेल्या गाई, आणि त्या फिरण्यातच त्यांना माळाचं वेड लागलं. रविवारी पहाटे अंधारात निघायचे, कर्जतच्या बाजूला रेहेकुरीला नाहीतर जवळच्या एखाद्या गायरानात, काळवीट बघायचे, पक्षी बघायचे आणि साडेनऊच्या उपासनेला हजर. कधी उशीर नाही. पण पँटीला सगळी कुसळं, आणि मग पाळकसाहेबांचा संदेश चालू असताना मम्मी बाकावर बसून एकेक कुसळ उपटून रुमालात ठेवायची, हे आम्ही लहानपणापासून बघितलंय. घरी रोज रात्री पवित्र शास्त्राचं वाचन आणि प्रार्थना, एक दिवस चुकला नाही, पाहुणे असले तरी.

आता वर्षस्मरणावरून घरात दोन-तीन मतं झालीयेत. भाऊ म्हणतो पप्पा जिथं जायचे त्या माळावर शंभर झाडं लावू आणि त्यांच्या नावाचा सिमेंटचा बाक बसवू, तो खर्चही करायला तयार आहे. आत्या म्हणते चर्चमध्ये नीट उपासना घ्या, हे माळाबिळाचं काय काढलंय, आपण निर्माणकर्त्याची भक्ती करतो, निर्मितीची नाही. आणि मला त्यांच्या वह्यांचं काय करावं कळत नाहीये. लाल कापडी पुठ्ठ्याच्या बऱ्याच वह्या आहेत, प्रत्येक पानावर तारीख, गाव, काय दिसलं आणि शेवटी वचनाचा आकडा. एक पान तुम्हाला लिहून पाठवते : "भोवत्या आले. नर 2, मादी 1. वारा उत्तरेचा. कुसळी पूर्ण वाळली. यिर्मया 8:7." बस्स इतकंच. माझा मुलगा लहान आहे, त्याला आजोबा आठवतील का याचीही धास्ती वाटते. काय करू?
– एक मुलगी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, सलाम. आधी झाडांचं बोलते कारण तिथं घाई झाली तर नुकसान होईल, बाकीच्या गोष्टी आठ दिवस मागेपुढे झाल्या तरी चालतंय.

भावाला प्लीज सांगा की माळावर झाडं लावू नका. त्याचं मन मला कळतंय, वडिलांसाठी काहीतरी जिवंत, वाढणारं करावं असं त्याला वाटतंय आणि ते चांगलंच आहे. पण माळरान म्हणजे झाडं तोडून ओसाड झालेली जागा नव्हे. तुमच्या भागात पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर, माती उथळ, खाली मुरूम, अशा जागी गवत हीच मूळ वनस्पती असते, मध्ये मध्ये हिवर, बोर, खैर, बाभूळ, तरवडाची झुडपं, आणि हे असं शेकडो वर्षं आहे. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणायची जुनी खोड आहे, म्हणून वृक्षारोपणवाले सगळ्यात आधी तिथंच खड्डे घेतात. काळविटाला लांबवर दिसणारं उघडं रान लागतं कारण त्याचा बचाव म्हणजे नजर आणि पळणं, झाडी दाट झाली की तो तिथं थांबत नाही. चंडोल, धाविक, माळटिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, त्यांनाही उघडा माळच लागतो. लांडगा, खोकड पण माळाचेच. माळढोकाचं काय झालं ते तर तुम्हाला माहीत असेलच, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं तरी आज तो महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झालाय, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे गवताळ रानं गेली. काही शेतात गेली, काही उद्योगात आणि काही चक्क झाडं लावून.

आणि वहीतली ती भोवत्यांची नोंद बघा. भोवत्या म्हणजे गवतावरून अगदी खालून, डुलत डुलत उडणारा शिकारी पक्षी, थंडीला मध्य आशियाकडून येतो, मार्च-एप्रिलात परत जातो. दिवसा नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी पकडतो आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो, कधी कधी कितीतरी भोवत्या एकाच माळावर जमून. म्हणजे पप्पा ज्याची वाट बघायचे त्या पाखराची झोपायची जागाच आपण त्यांच्या नावानं घालवायची, असं होईल ते. हे भावाला असंच सांगा, वाद घालून नाही, वही समोर ठेवून.

बाकाचंही तेच. अभयारण्यात काहीही बांधायला वनखातं परवानगी देणार नाही आणि देऊही नये, गायरानात ग्रामपंचायतीला विचारावं लागेल, पण मला विचाराल तर सिमेंट नकोच. रेहेकुरी अभयारण्य आहेच केवढं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर, 1980 मध्ये काळविटांसाठी राखलं, त्यात प्रत्येकानं आपापल्या माणसाचा बाक टाकायचा म्हटलं तर काळवीट कुठं जातील?

झाडं लावायचीच असतील तर दफनभूमीत लावा. आपल्या बहुतेक दफनभूम्या बघा, उन्हाळ्यात मातीला गेलेली माणसं कुठं उभी राहतात? भिंतीच्या सावलीला. तिथं पाळकांना आणि कमिटीला विचारून कडुनिंब, करंज लावा, शंभर नको, पाच लावा पण तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी भावानं स्वतःच्या अंगावर घ्यायची, कुणाला पैसे देऊन नाही. खड्डा कबरींपासून लांब, कुंपणाच्या बाजूला, मुळं नंतर कबरी उचलतात.

आता आत्यांचं. आत्यांना गप्प बसवू नका हो, त्या जे म्हणतायत ते शास्त्राला धरून आहे, रोमकरांस पत्रात पहिल्याच अध्यायात पौल हेच बजावतो की निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीची भक्ती करू नका. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये मेलेल्यासाठी सहसा प्रार्थनाही करत नाहीत, स्मरणाची उपासना म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानणं, आत्यांच्या मनात ते पक्कं आहे. पण मग आभार मानायचे तर पूर्ण माणसाबद्दल माना ना. पप्पांच्या आयुष्यातले दर रविवारचे पहाटेचे चार तास वगळून उरलेल्याबद्दलच आभार मानायचे का? त्यांनी कधी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत. माळावरून थेट चर्चमध्ये यायचे, कपडे बदलायलाही घरी जायचे नाहीत, कुसळं घेऊन बाकावर बसायचे. घरच्यांनी आता ते वेगळं केलं तर तुमच्याजवळ अर्धेच पप्पा राहतील, चर्चवाल्यांना एक अर्धा आणि माळावरच्यांना दुसरा.

आत्यांसोबत बसून स्तोत्र 104 मोठ्यानं वाचा, पूर्ण, पस्तीसच्या पस्तीस वचनं. त्यात झरे आहेत, रानगाढवं तहान भागवतात, पाखरं फांद्यांत गातात, करकोचा झाडावर घर करतो, उंच डोंगर रानबकऱ्यांसाठी, खडक लपायला, रात्र झाली की सिंहाचे छावे देवाकडे अन्न मागतात आणि सूर्य उगवला की माणूस कामाला बाहेर पडतो. माणूसही येतो तो त्या सगळ्यांच्या रांगेतच. आणि शेवट कशावर होतो तर परमेश्वराच्या स्तुतीवर. म्हणजे नुसतं निसर्गवर्णन नाहीये ते, भक्तीच आहे. मग मार्क 1:35 काढा, प्रभू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात, रानात प्रार्थनेला जातो. पप्पांची रविवारची वेळ बघा आणि हे वचन बघा. मला वाटतं आत्यांना वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि त्यांना हेही सांगा की देवाच्या सेवेतली माणसं रानावनात रमलेली ही काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाळक होते, 1720 ते 1793, सेलबोर्न गावातच राहून पाखरांच्या, गांडुळांच्या नोंदी लिहीत राहिले आणि आज पक्षीअभ्यासाचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. आपल्या मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर होते, स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, त्यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह अजून तिथं आहे, संशोधक जाऊन बघतात. त्यांच्यानंतर फादर सांतापाव, स्पॅनिश, त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अख्खा अभ्यास केला, 1961 पासून काही वर्षं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख होते आणि पद्मश्री मिळाली. आणि नगरकरांना रेव्हरंड टिळक कुणी सांगायला नकोत, फुलांमुलांचे कवी म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो आणि त्यांचीच गीतं आपण रविवारी गातो. तुमचे पप्पा या ओळीतलेच, फक्त त्यांनी छापलं काही नाही.

तर माझं म्हणणं असं, उपासना चर्चमध्येच घ्या, नेहमीच्या वेळेला, आत्यांच्या मनासारखी. तिच्यात स्तोत्र 104 वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी थोडं थोडं वाचावं, तुमच्या मुलानंही, त्याला सिंहाच्या छाव्यांचं वचन द्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरचे लोक आणि पप्पांसोबत जे खरोखर जायचे ते, एवढेच माळावर जा. स्पीकर नको, बॅनर नको, जेवणाच्या पत्रावळ्या नकोत, पाळकसाहेब आले तर दोन मिनिटांची प्रार्थना. रेहेकुरीला जाणार असाल तर वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून वेळ ठरवा. नोव्हेंबरच आहे तर भोवत्या आलेले असतील, पण नाही दिसले तरी थांबा थोडा वेळ. आत्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्या.

आता वह्या. ताई, मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटलं. यिर्मया 8:7 तुम्ही काढून बघितलंत की नाही माहीत नाही. तिथं संदेष्टा म्हणतो की आभाळातल्या करकोच्याला आपली नेमलेली वेळ कळते, स्थलांतर करणारी पाखरं आपल्या यायच्या वेळा पाळतात, पण माझ्या लोकांना परमेश्वराचा नियम कळत नाही. मूळ वचन तसं रागातलं आहे, लोकांना दटावणारं. पण बघा पप्पांनी ते कुठं लावलं. त्या दिवशी माळावर हजारो किलोमीटरवरून आलेले तीन भोवत्या बघितले, वेळेवर आलेले, आणि घरी येऊन हे वचन लिहिलं, मला तर त्यात त्यांची प्रार्थनाच दिसते, की मलाही माझी वेळ कळू दे. त्यांचा विश्वास कसा होता हे तुम्हाला कुणाच्या भाषणातून कळणार नाही तेवढं या एका पानातून कळतंय. आणि असं प्रत्येक पान आहे म्हणता!

म्हणून पहिलं काम, मोबाइलवर स्कॅनचं ॲप घ्या आणि दिवसा खिडकीजवळ बसून एकेक पान स्कॅन करा, दोन ठिकाणी सेव्ह करा, एक कॉपी भावाकडे. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमट होतात, सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर अजिबातच नको.

दुसरं, त्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या वेबसाइटवर टाकता येतात. जगभरचे लोक तिथं आपल्या नोंदी देतात आणि संशोधक वापरतात. जुन्या नोंदींसाठी तिथं "हिस्टॉरिकल" असा वेगळा प्रकार असतो, म्हणजे किती वेळ फिरले, किती अंतर चालले हे माहीत नसलं तरी चालतं, तारीख, जागा आणि पक्षी कळला म्हणजे झालं, किती पक्षी दिसले ते लिहिलेलं नसेल तर संख्येच्या जागी एक्स टाकतात. माळरानाच्या जुन्या नोंदी फार कमी मिळतात कारण पक्षी बघणारे बहुतेक लोक घाटात नाहीतर पाणवठ्यावर जातात, त्यामुळे पप्पांनी कुठल्या वर्षी कुठल्या गायरानात काय बघितलं याला खरंच किंमत आहे. नावं मराठीत असणार, एकेका नावाला गावोगाव वेगळा पक्षी म्हणतात, तर एखाद्या जाणकार पक्षीमित्राला सोबत घ्या, जिथं खात्री नाही ती नोंद सोडून द्या. आणि माळढोकाची किंवा लांडग्याच्या बिळाची जागा लिहिलेली असेल तर ती पानं फेसबुकवर टाकू नका, फोटोवाले गाड्या घेऊन पोचतात.

मुलाचं म्हणाल तर आठवण रहावी म्हणून त्याला आजोबांबद्दल सांगत बसू नका, त्याला वही द्या. नवी, लाल पुठ्ठ्याची मिळाली तर तशीच. आजोबांच्या वहीतलं एक पान घ्यायचं, त्या गावाला त्याच महिन्यात जायचं, आज काय दिसतं ते त्यानं लिहायचं आणि रात्री घरी आल्यावर ते वचन त्यानंच शोधून काढायचं. कधी माळ जागेवर नसेल, प्लॉटिंग झालेलं असेल, तेही लिहू दे. मम्मींना यात घ्या, कुठल्या रविवारी कुठून आले हे त्यांना कुसळांवरून माहीत असणार.

प्रश्न : मॅडम, आम्ही वसईचे कॅथलिक. बाबांची केळीची वाडी होती, संध्याकाळी सुरूच्या बागेतून समुद्रावर चालत जायचे आणि जपमाळ तिथंच म्हणायचे. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बायबलमधली वाचनं आम्हाला निवडता येतात का, की फादर ठरवतात?
– वसई

उत्तर : निवडता येतात, फादरना आधी भेटा. मृतांसाठीच्या मिस्साला वाचनांचे बरेच पर्याय दिलेले असतात, त्यातून घरच्यांनी सुचवावं आणि फादरनी मान्य करावं अशी पद्धत आहे. फक्त रविवारच्या किंवा सणाच्या मिस्सात बाबांचं नाव घेणार असाल तर त्या दिवसाची ठरलेली वाचनंच होतात, म्हणून शक्य तर आठवड्यातला साधा दिवस धरा. योहानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा, जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो पण मेला तर पुष्कळ पीक देतो, हे वाडीत राबलेल्या माणसाला अगदी शोभतं आणि मृतांच्या मिस्साच्या वाचनांमध्ये ते आहेच.

वसईत तर श्रद्धा आणि हिरवाई एकत्र कशी राहते हे कुणी बाहेरच्यानं सांगायची गरज नाही, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी केवढा लढा दिला, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत, 2024 मध्ये ते गेले तेव्हा वाडीवाडीतून लोक आले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पृथ्वी म्हणजे आपलं सगळ्यांचं घर या विषयावर परिपत्रक काढलं, तुमच्या फादरना त्यावर दोन शब्द बोलायची विनंती करा, बाबांचं नाव घेऊन. आणि जमलं तर मिस्सानंतर संध्याकाळी घरच्यांनी मिळून तिथंच चालत चालत जपमाळ म्हणा, त्यांच्याच रस्त्यानं, किनाऱ्यापर्यंत.

प्रश्न : माझे मित्र ख्रिश्चन होते, आम्ही 20-25 वर्षं सोबत गड चढलो. आता त्यांच्या घरच्यांनी स्मरणाच्या उपासनेला बोलावलंय आणि मला चार शब्द बोलायला सांगितलंय. मी हिंदू, चर्चमध्ये कधी गेलो नाही. हार, उदबत्ती न्यावी का? काय बोलू?
– संगमनेर

उत्तर : दादा, नक्की जा. उदबत्ती नको, फुलं न्या, साधी, आणि फोटोला हार घालायचा की नाही ते घरच्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारा कारण काही घरांत चालतं, काहींत नाही. चपला काढायच्या का ते दारात बघा, गावाकडच्या बऱ्याच चर्चमध्ये काढतात. गीताला सगळे उभे राहिले की उभे रहा, गीताचं पुस्तक शेजारचा माणूस हातात देईलच. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असलं तर जागेवर बसून राहिलात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

बोलायचं ते तीन-चार मिनिटं, कागदावर लिहून न्या, आवाज भरून येतो. "ते फार देवभक्त होते, निसर्गप्रेमी होते" असलं बोलू नका, ते तिथं सगळ्यांना माहीत आहे. चर्चमधल्या लोकांनी त्यांना गडावर कधी बघितलेलं नाही, ते तुम्ही बघितलंय. हरिश्चंद्रगडावर तुम्ही देवळात हात जोडायला गेलात तेव्हा ते काय करायचे, बाहेर तुमच्या चपला सांभाळत बसायचे का, जेवायच्या आधी डबा उघडून डोळे मिटायचे तेव्हा तुम्ही सगळे थांबायचात का, पावसात वाट चुकल्यावर त्यांच्या तोंडातून काय निघायचं, असलं काहीतरी एक सांगा, पूर्ण सांगा, कुठल्या पायवाटेवर, सोबत कोण होतं, सगळं. त्यांच्या बायको-मुलांना हे माहीत नसणार. तुमच्याकडे गडावरचे जुने फोटो असतील तर प्रिंट काढून मागे तारीख आणि गडाचं नाव लिहा, चहाच्या वेळी घरच्यांच्या हातात द्या आणि मग बसा त्यांच्यासोबत, फोटोतलं कोण कोण आहे ते विचारतीलच.